बर्फाची रंगीत तालीम

दुपारची जेवणं आटपून घर नुकतं कुठे गप्प झालं होतं, आणि त्या गप्प घरात आतल्या खोलीतून चेन ओढल्याचा आवाज आला — सर्रर्र... आणि मध्येच थांबला.

मग काहीच नाही.

"अडकले गं मी," आतून आजी म्हणाली. घाबरून नाही, आमटीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तितक्या शांतपणे.

चष्मेवाली हातातलं पुस्तक पालथं टाकून आत गेली. आरशासमोर तिची आई उभी होती. अंगात गुडघ्यापर्यंतचं जाड जाकीट, डोक्यावर कानटोपी, गळ्यात मफलर. आणि जाकिटाच्या चेनने तो मफलर हनुवटीखाली असा काही गिळला होता, की बाईंना मान खालीही करता येत नव्हती आणि वरही. हिवाळा कॅलेंडरवर आला होता, खिडकीत अजून आला नव्हता. बाहेर ऊन चटचटत होतं.

"हलू नकोस," चष्मेवाली म्हणाली.

"हलायला जागा कुठाय?"

दारात आजोबा मनगटावरचं घड्याळ बघत उभे होते. "तिकडे बर्फात इतका वेळ जाकीट उघडं राहिलं असतं, तर काय झालं असतं?"

"तिकडे बर्फात मला निदान घाम आला नसता," आजी म्हणाली.

तर हे असं घर. आजोबा म्हणजे चष्मेवालीचे वडील. पण नात बोलायला लागली, तसं अख्खं घरच त्यांना आजोबा आणि आईला आजी म्हणू लागलं होतं. आजोबांनी उभा जन्म अग्निशमन दलात प्रशिक्षण देण्यात घालवला. आग लागायच्या आधीच ती विझवायची तालीम द्यायची, हे त्यांचं काम. नोकरीतून ते सुटले, पण तालीम काही त्यांच्यातून सुटली नाही. दादाच्या लग्नाची तालीम झाली होती, नवऱ्या मुलीसकट. घर बदललं तेव्हा ट्रक यायच्या आधीच सगळं सामान एकदा खाली जाऊन परत वर आलं होतं. या घरात तालमीशिवाय झालेली गोष्ट एकच — चष्मेवालीचा घटस्फोट. तो इतक्या गुपचूप, इतक्या सभ्यपणे झाला, की आजोबांना तालमीची शिट्टी शोधायलाही वेळ मिळाला नाही. आणि म्हणूनच ते सगळं फिसकटलं, असं त्यांचं मनातून ठाम मत होतं.

आता हिवाळ्याच्या सुट्टीत सगळे बर्फात जाणार होते. डोंगरावर लाकडी घर भाड्याने घ्यायचं, खिडकीतून पांढरे उतार बघायचे, घसरगाडीत बसायचं. हे मागणं आजीचं. "आयुष्यभर फ्रीजमधला बर्फ खरवडला," ती म्हणाली होती. "एकदा असा बर्फ बघायचाय, जो मला काढायला लागणार नाही."

यावर कोण नाही म्हणणार? आजोबा म्हणाले, जाऊ. पण तालमीशिवाय नाही. आणि तालमीला बर्फ कुठून आणायचा, तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

शहराच्या कडेला, गोदामांच्या रांगेत एक कोल्ड स्टोरेज होतं. फार वर्षांपूर्वी आजोबांनी तिथल्या कामगारांना आगीची तालीम दिली होती, आणि जाताना तिथले मालक म्हणाले होते, "कधीही या, आपलंच आहे." लोक असं बोलून जातात. आजोबा ते लक्षात ठेवतात.

म्हणून एका रविवारी तिथल्या मॅनेजरने लोखंडी दार उघडलं, तर समोर भर उन्हात सहा माणसं उभी. आजोबा, आजी, दादा, वहिनी, चष्मेवाली आणि तिची सहा वर्षांची लेक. हिचं घरातलं नाव ठिणगी, अर्थातच आजोबांनी ठेवलेलं. सगळ्यांच्या अंगात लोकर, पायांत जाडजूड बूट, आणि ठिणगीचे तर नुसते डोळेच दिसत होते.

मॅनेजरने सहाही जणांकडे एकेक करून पाहिलं.

"दरोडा घालायचा असेल, तर आत नुसता मटार आहे," तो म्हणाला.

"आम्ही सहलीला निघालोय," आजोबा म्हणाले.

"इथे?"

"इथे तालीम. सहल नंतर."

अशा वेळी जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं, असं चष्मेवालीला लहानपणापासून वाटत आलं होतं. आता हा हसणार, तिने मनात म्हटलं. पण तो हसला नाही. त्याने वहिनीचे बूट, आजीची कानटोपी, ठिणगीचे लाल हातमोजे नीट निरखले.

"छोटीला फार वेळ आत ठेवायचं नाही," तो म्हणाला. "आणि आत कोणी लोखंडाला जीभ लावायची नाही."

"मी कशाला जीभ लावू?" ठिणगी म्हणाली.

"लावलीस तर चिकटेल."

"तुमची चिकटलेली?"

तो जरा घुटमळला. "कामावरच्या पहिल्याच दिवशी."

आत पांढराफटक उजेड होता आणि छतापर्यंत रचलेल्या मटाराच्या पेट्या. बोललं की तोंडातून ढग निघत होता, त्यामुळे कोण कोण बोलतंय ते लांबूनही कळत होतं. पहिली कवायत होती 'बर्फात पडल्यावर उठणे.' आजोबांनी सांगायच्या आधीच दादा पडला. तो उठेना, कारण त्याला उठवायला गेलेली वहिनी हसून हसून एका पेटीवर बसली आणि तीही उठेना. आजोबांनी सगळ्यांना शिस्तीत आणायला गळ्यातली शिट्टी तोंडात धरली, गाल फुगवले, जीव खाऊन फुंकली — आणि काही नाही. आतला मणी थंडीने चिकटून बसला होता. उभ्या जन्मात पहिल्यांदा आजोबांची शिट्टी वाजली नाही. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली, जुना मित्र ऐनवेळी उलटल्यासारखी.

आजी मात्र बाजूला भिंतीपाशी उभी होती. भिंतीवरच्या पातळ बर्फावरून तिने बोट फिरवलं.

"हा कोण काढतं?"

"मी," मॅनेजर म्हणाला. "म्हणजे, मी माणसांकडून काढून घेतो."

"बिच्चारा," आजी म्हणाली. फार मनापासून म्हणाली.

बाहेर पडताना चष्मेवाली सगळ्यांत शेवटी होती. दार ओलांडलं, ऊन अंगावर आलं, आणि जग गेलं. चष्म्याच्या दोन्ही काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. तिने सवयीने हात वर नेला.

"थांबा," समोरून मॅनेजरचा आवाज आला. "हातमोज्याने पुसू नका. काचेवर ओरखडे पडतील. आपोआप जातं ते."

"मी चष्मे बनवते," ती म्हणाली. "हे मी लोकांना सांगते. दिवसभर."

"मग स्वतःचंही ऐका की कधीतरी."

"आणि मी हातमोज्याने पुसतेय, हे बरं दिसलं तुम्हाला."

"मला काही दिसत नाहीये. माझाही चष्माच आहे." आवाज जरा जवळ आला. "इथून बाहेर पडणारा प्रत्येक जण हेच करतो."

तर अशी ही पहिली नजरानजर, जिच्यात नजर कोणाचीच नव्हती. दोन माणसं समोरासमोर उभी, आणि दोघांच्या डोळ्यांवर पांढरे पडदे.

"घाई करू नका," तो म्हणाला. "आधी कडेने दिसायला लागतं."

खरंच कडेने दिसायला लागलं. आधी एक कान आला. मग चष्म्याची दांडी, तिला गुंडाळलेली चिकटपट्टी. मग गालाचा तुकडा... आणि मग हसू. म्हणजे तो मघापासून हसत होता तर, आणि हिला पत्ताच नव्हता.

"दांडी चिकटपट्टीने जोडलीय," ती म्हणाली, कारण काहीतरी म्हणणं भाग होतं.

"झालं की वर्ष."

"लाज नाही वाटत?"

"आत्तापर्यंत नव्हती वाटली," तो म्हणाला.

दोनच दिवसांनी तो दुकानात आला.

दुकान म्हणजे एका कोपऱ्यावरची चिंचोळी खोली. एका भिंतीवर आरसे, दुसरीवर चष्म्यांच्या रिकाम्या चौकटी, मागे काचा घासायचं यंत्र, आणि काउंटरखाली ठिणगीची शाळा सुटल्यानंतरची जागा. या रस्त्यावर सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. आणि चष्मेवालीचं एक काम भारी अवघड. माप घेताना समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघावं लागतं, आणि आपण काही विशेष बघत नाही आहोत असं दाखवावं लागतं. हजारो डोळ्यांत तिने असं बघितलं होतं. कधी काही झालं नव्हतं.

मापाची पट्टी त्याच्या नाकावर धरून ती म्हणाली, "माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा."

"बघतोय."

"आता उजव्या."

"डाव्याचं अजून झालं नव्हतं."

"माझं झालंय."

"तुम्ही भराभर काम करता."

पट्टी हलली. तिला माप पुन्हा घ्यावं लागलं. काउंटरखाली ठिणगी बेरजा करत होती, आणि बेरीज करणाऱ्या माणसाइतकं कान देऊन कोणी ऐकत नाही.

नवी चौकट तयार झाली. तिने ती त्याच्या कानांमागे बसवली. बोटांना त्याचा कान गार लागला; बारा महिने गारच असतो म्हणे. चष्मा अगदी नेमका बसला. इतका नेमका, की आता हा पुन्हा यायचं काही कारण नाही, असं मनात येऊन तिला आपल्याच कारागिरीचा किंचित राग आला.

पण चार दिवसांनी तो आला. दांडी वाकली होती.

"कशावर बसलात?"

"मटारावर."

पुढच्या आठवड्यात पुन्हा.

"आता?"

"या वेळी मटार माझ्यावर."

"मटारकाका," काउंटरखालून ठिणगी म्हणाली, "तुम्ही चष्मा मुद्दाम वाकवता?"

चष्मेवालीने दांडी घाईघाईने सरळ केली.

"ठिणगी, गृहपाठ," दोघं एकदम म्हणाले.

विषय बदलायला म्हणून त्याने तिला काचेची गंमत समजावून सांगितली. गार काच उबेत आली की धुरकटते. उबेतून थंडीत गेली तर नाही. थंडीतून उबेत — तेव्हाच. ठिणगीला हे इतकं पटलं, की पुढचे कितीतरी दिवस घरातले चमचे फ्रीजमध्ये जात होते आणि तिच्या हुकमावरून बाहेर येऊन धुरकटत होते. आजी आमटी ढवळायला गार चमचाच घ्यायची.

असे दिवस चालले होते. आणि मग एका संध्याकाळी ठिणगीने विचारलं, "मटारकाका, आमच्या गाडीत एक जागा रिकामी आहे. येता का बर्फात?"

चष्मेवालीच्या हातातला स्क्रू खाली पडला. चष्म्याचा स्क्रू पडला की शोधायला बराच वेळ लागतो, हे बरं असतं.

"बर्फात?" तो हसला. "अगं, मी रोज बर्फातच असतो. सुट्टी मिळाली की मी तडक समुद्रावर जातो. वाळूत पालथा पडतो. मग उलटतो. मग परत पालथा. दुसऱ्या दिवशी लोक येऊन बघतात, जिवंत आहे की नाही. वर्षभर मी तेवढ्या एका आठवड्याची वाट बघतो. सुट्टीत मला कोणी बर्फ दाखवला ना, तर मी पोलिसांत जाईन."

ठिणगी खिदळली. चष्मेवालीही हसली, जमिनीवर ओणवी असतानाच. आणि हसता हसता आत कुठेतरी एक बारीकसा धागा तटकन तुटला.

"विचार की त्याला नीट," वहिनी म्हणाली. दोघी गॅलरीत स्वेटर वाळत घालत होत्या. प्रत्येक तालमीनंतर सगळं घामाने भिजायचं.

"कशाला? तो समुद्रावर जातो."

"तू म्हणालीस तर नाही जाणार."

"तेच नकोय मला," चष्मेवाली म्हणाली. "एकाने माझ्यासाठी पुष्कळ सोडलं. पुरे झालं."

वहिनीने हातातला स्वेटर झटकला. तिला माहीत होतं. ठिणगीचे बाबा वाईट नव्हते. फक्त त्यागी होते. तुझ्यासाठी मी डोंगर चढायचं सोडलं. तुझ्यासाठी मी मित्र सोडले. तुझ्यासाठी दुसऱ्या शहरातली नोकरी सोडली. तक्रार कधी नाही. चेहऱ्यावर सदा मंद हसू, आणि त्या हसण्याचं ओझं हिच्या डोक्यावर. शेवटी, तिच्याच भल्यासाठी म्हणे, त्यांनी तिलाही सोडलं.

"हा समुद्र सोडेल," चष्मेवाली म्हणाली, "आणि मग जन्मभर तो समुद्र माझ्या डोक्यावर."

"बघ बाई. रविवारी आत्याबाई येतायत. आजोबांनी बोलावलंय त्यांना, गाडीतली जागा बघायला."

"आत्या?"

"स्वतःची उशी घेऊन."

रिकामी जागा घेऊन घाट चढायचा नाही, हा आजोबांचा नियम. गाडीला सात जागा होत्या, माणसं सहा, आणि सातवी जागा अगदी मागे, चष्मेवालीच्या शेजारी. रविवारपर्यंत कोणी मिळालं नाही, तर तिथे आजोबांची थोरली बहीण. आत्या शेजारी बसली की गाडी सुटल्यापासून पोचेपर्यंत शेजारच्याचं आयुष्य कुठे कुठे चुकलं, ते सविस्तर सांगते. आणि चष्मेवालीच्या आयुष्यात सांगण्यासारखं बरंच होतं.

पण खरी धास्ती आत्याची नव्हतीच. तो समुद्रावर जाईल, आपण डोंगरावर जाऊ, सुट्टी सरेल. आणि चष्मा काय, कधीतरी वाकायचा थांबणारच. मग काय उरणार? परवा तो दुकानात आला, तेव्हा ती यंत्रामागे जाऊन बसली आणि तो जाईपर्यंत बाहेरच आली नाही. ठिणगीने त्याला इमानदारीने सांगितलं, "आई आत आहे, पण नाहीये."

रविवारी शेवटची तालीम होती. आजोबा तिला रंगीत तालीम म्हणत, कारण तिला सगळे कपडे घालायचे असत.

दिवाणखान्यात जेवणाच्या खुर्च्या गाडीसारख्या मांडल्या होत्या. पुढे दोन: दादा, हातात पातेल्याचं झाकण धरून गाडी चालवत होता, आणि शेजारी आजोबा. मधे तीन: आजी, ठिणगी, वहिनी. मागे दोन: चष्मेवाली, आणि तिच्या शेजारी ती सातवी खुर्ची. सगळे कानटोप्यांत. पंखा बंद, कारण गाडीत पंखा नसतो.

गाडी सुटून जेमतेम शहराबाहेर पडली होती, तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दादा उठायला लागला.

"चालत्या गाडीतून उठायचं नाही," आजोबा म्हणाले. "आधी बाजूला घे."

दादाने झाकण डावीकडे फिरवलं, ब्रेक मारला, मग वहिनी उतरली आणि दार उघडलं.

आत्या नव्हती. मॅनेजर होता. त्याच्या हातात एक छोटासा लाल हातमोजा होता.

"हा... मटारात सापडला," तो म्हणाला. मग त्याने खोलीकडे पाहिलं. मग झाकणाकडे. पण तो आता या घराला सरावला होता. "कुठवर पोचलात?"

"घाट यायचाय," आजोबा म्हणाले. "बरे आलात. बसा मागे. गाडी एका अंगाला कलतेय."

तो खुर्च्यांमधून वाट काढत आला आणि सातव्या खुर्चीत बसला. त्याचे गुडघे वहिनीच्या पाठीला लागले. चष्मेवाली समोर बघत राहिली. इतकं समोर, की आजीच्या कानटोपीचे टाके तिला मोजता आले असते.

"उजवं वळण," आजोबांनी पुकारलं. सगळे डावीकडे कलले. त्याचा खांदा तिच्या खांद्यावर आला — लोकरीच्या कितीतरी थरांतून, पण आला.

"परवा दुकानात तुम्ही नव्हता," तो हळूच म्हणाला.

"माल मोजत होते."

"लपून?"

"डावं वळण." आता ती त्याच्यावर कलली.

"माल आतच असतो," ती त्याच्या बाहीत म्हणाली.

घाट लांब होता. आणि दादा, का कोण जाणे, वळणं संपवतच नव्हता. वहिनीची पाठ हसत होती. पाठ हसताना मागून दिसतं.

"तुमचं समुद्राचं तिकीट कधीचं?" चष्मेवालीने विचारलं.

"होतं."

"होतं म्हणजे?"

"काल परत केलं."

ती सरळ झाली. पुढचं वळण आलं, सगळी गाडी कलली, ती एकटी ताठ.

"का केलंत? मी सांगितलं होतं तुम्हाला? हे बघा... माझ्यासाठी कोणी काही सोडलेलं मला चालत नाही. मी फार भोगलंय ते. तुम्ही आत्ताच्या आत्ता जा आणि ते तिकीट..."

"मी काय सोडलं?" तो म्हणाला. खरंच बुचकळ्यात पडला होता तो. "समुद्र कुठे पळून जातोय? तिथे उन्हाळ्यात जाईन. जमलं तर तुम्हा दोघींना घेऊन. तुम्ही तिथे वाळूच्या नावाने कुरकुर करा. मी बर्फात करणार आहे."

"काय करणार आहात?"

"कुरकुर. मला बर्फ आवडत नाही, आणि तिथे गेल्यावरही आवडणार नाही. सकाळी डोळे उघडले की मी सुरू करणार. पाय गार पडले. नाक गळतंय. सुट्टीत माणसाने हे करायचं असतं का. मोठ्याने बोलणार, रोज. आजी कंटाळतील." तो थांबला. "मनात ठेवायला मला जमत नाही. चालणार असेल तर सांगा."

चष्मेवालीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या. पट्टी नव्हती, त्यामुळे बघत नाहीये असं दाखवायची सोय नव्हती. तिथे मंद हसू नव्हतं. त्याग तर औषधालाही नव्हता. होता तो एक घामाघूम माणूस, ज्याला आत्ताच, बर्फ दिसायच्याही आधी, बर्फाचा वैताग आला होता.

"पण तुम्हाला यायला सांगितलं कोणी?" ती म्हणाली.

"कोणीच नाही. म्हणून तर हातमोजा घेऊन आलो."

"तो सापडला कधी?"

तो समोरच्या कानटोप्यांकडे बघू लागला. "पहिल्याच दिवशी," म्हणाला.

बेल वाजली. दादाने गाडी बाजूला घेतली.

या वेळी आत्याच होती. काखेत उशी, हातात पिशवी, आणि नजर थेट शेवटच्या रांगेवर.

"ही कुठली तऱ्हा बसायची? आणि माझ्या जागेवर हा कोण?"

मॅनेजर चटकन उठायला लागला. "बसा, तुम्ही बसा. मी नुसता वजनापुरता..."

पण त्याला पुरतं उठता आलं नाही. त्याची बाही कोणीतरी धरली होती. त्याने खाली पाहिलं. लोकरीचा जाड हातमोजा, आणि त्यात चष्मेवालीचा हात.

अख्खी गाडी मागे वळून बघत होती. या वाक्याची तालीम झालेली नव्हती. एकदाही नाही.

"आत्या," ती म्हणाली, "ही जागा... भरलीय."

"कोणी भरली?"

"मी."

आजोबांनी शिट्टी ओठांशी नेली. क्षणभर तशीच धरली. मग हळूच खाली घेतली.

"हे तालमीत नव्हतं," ते पुटपुटले.

"नसू दे," आजी म्हणाली.

"मग मी कुठे बसायचं?" आत्याने विचारलं.

"वन्सं, तुम्ही घर सांभाळा," आजी गोड आवाजात म्हणाली. "आणि तेवढा फ्रीजमधला बर्फ काढून ठेवा."

आत्या सोफ्यावर उशी ठेवून तिच्यावर टेकली. तिचा चेहरा पडला होता म्हणावं तर तसंही नाही. पुढची कित्येक वर्षं पुरेल इतका विषय तिला आज, बसल्या जागी, मिळाला होता.

"चला," आजोबा घसा साफ करून म्हणाले. "राहिलेला घाट संपवू. उजवं वळण."

सगळे कलले. त्याचा हात तिच्या हातमोज्याखाली आला. एवढ्या जाड लोकरीतून हात काही नीट कळत नव्हता. कळत होतं ते इतकंच, की तो आहे, आणि तो काढून घेत नाहीये.

"मघाशी तुम्ही म्हणालात... 'मी'," तो अगदी हळू म्हणाला. "म्हणजे मी काय समजू?"

"समजा की..." ती म्हणाली, आणि पुढचे शब्द कुठे पडले ते तिला सापडेना. "उन्हाळ्यात मी वाळूवर कुरकुर करणार आहे. मोठ्याने."

गार कानांचा माणूस, पण त्याचे कान आता चांगलेच लाल झाले होते.

"डावं वळण," आजोबा म्हणाले. या वळणाला ती जरा जास्तच कलली. आणि वळण संपलं, तरी सरळ व्हायचं राहून गेलं.

ठिणगी मधल्या खुर्चीवर गुडघे टेकून मागे वळली होती. हातात तिचा परत आलेला लाल हातमोजा होता. तिने खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवली आणि आईच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागली. मग तिने दाराकडे पाहिलं. दार लागलेलं होतं. खिडकीकडे पाहिलं. बाहेर ऊनच होतं.

"आई, थंडीतून उबेत आलं की चष्मा धुरकटतो ना?"

"हो गं."

"मटारकाका, तेव्हाच ना?"

"तेव्हाच."

ठिणगीने कपाळाला आठी घातली.

"पण आपण तर सकाळपासून इथेच बसलोय," ती म्हणाली. "मग आईचा आत्ता का धुरकटला?"